पकड

"मोजे काढ," पंच बाई म्हणाल्या.

ऐकू आलं नाही असं दाखवून मी बोटं पुढं केली. सामन्याआधी पंच प्रत्येकीची नखं बघतात आणि मग दंडांवरून, पोटऱ्यांवरून हात फिरवून अंगाला काही लावलंय का ते तपासतात. तेलकट अंगावर पकड बसत नाही, म्हणून कबड्डीत तेल चालत नाही, मलमही चालत नाही. आमच्या बाकी सहाजणींची तपासणी झाली होती. मी मुद्दामच शेवटी उभी होते.

"मोजे," बाई पुन्हा म्हणाल्या. "आणि जर्सीच्या आत घातलंयस ते लांब हातांचंही काढ. राज्य स्पर्धा आहे ही. सगळ्यांचा गणवेश सारखा पाहिजे."

आमचे आवटी सर रेषेबाहेरून लगबगीनं आले. "बाई, तिला कातडीचा त्रास आहे. आमच्या जिल्ह्यात चालवून घेतात."

"इथं नाही चालणार. कापडाखाली काय चोपडलंय ते मला कसं कळायचं? काढायचे नसतील तर राखीवात बसवा हिला."

सर माझ्याकडे बघत राहिले. आमची कर्णधार जयमाला चौगुले माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काढ की संजी. एकदा माती लागली की सगळ्यांचे पाय सारखेच."

मी तिथंच खाली बसले आणि मोजे उतरवायला लागले. फुटबॉलवाले घालतात तसले गुडघ्यापर्यंतचे मोजे होते ते. डावा मोजा पोटरीला चिकटला होता. तो ओढला तसा आतून कोंडा सांडला, पिठाच्या चाळणीतून सांडावा तसा. पायांवरचे लाल चट्टे, त्यांवरचे चंदेरी पापुद्रे, थंडीनं पडलेल्या भेगा, सगळं सकाळच्या उन्हात आलं. मी उभी राहिले, लांब हातांचं तेही उतरवून ठेवलं आणि तपासणीसाठी पाय पुढं केला.

बाईंनी वाकून पाहिलं. हात मात्र लावला नाही. "ठीक आहे," म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघत वळल्या.

हे जुन्नरला झालं, कुमारी गटाच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. संजीवनी मगदूम, सांगली जिल्हा, चढाईपटू.

माझा आजार सुरू झाला होता तेराव्या वर्षी, कानामागच्या एका चट्ट्यानं. आधी नायटा म्हणून मलम लावलं, मग रक्त बिघडलंय म्हणून काढे प्यायले, मग एका मावशीच्या सांगण्यावरून नवस झाले. शेवटी वडिलांनी मिरजेच्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "याला सोरायसिस म्हणतात. हा कुणाकडून येत नाही आणि कुणाला लागत नाही. पण जातही नाही. कमी-जास्त होत राहील." एवढं स्पष्ट तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. आईनं मात्र त्यातलं "जात नाही" एवढंच धरलं आणि घरी येऊन चुलीपुढं बसून राहिली.

रोजचं जगणं त्याच्या बेतानं चालायचं. सगळ्यांच्या आधी उठून अंथरूण झटकायचं, कारण रात्रभराचा कोंडा चादरीवर पडलेला असायचा. गडद रंगाचे कपडे नकोत, खांद्यावर पांढरं दिसतं. थंडीत सकाळी उकिडवं बसलं की गुडघ्यावरची भेग उलायची, म्हणून आधी भिंतीला धरून पाय हळूहळू मोकळे करायचे. मग आई तेल लावायची, मग डांबराच्या वासाचं ते मलम, मग पूर्ण बाह्यांचा ड्रेस. कॉलेजात बाकावर माझ्या शेजारची जागा बहुतेक वेळा रिकामी असायची. काकूंकडे गेलं की कणीक मळायला मला कुणी बसवायचं नाही. "तू बस गं, दमली असशील," म्हणायचे. मी दमलेली नसायचे.

कबड्डीत मला आणलं ते जयमालानं. ती आमच्या गल्लीतलीच. संध्याकाळच्या सरावात सगळ्याजणी मातीनं माखायच्या, त्यात मीही माखायचे. मोजे असायचे, लांब बाह्या असायच्या. पकडायला आलेल्या हातांमध्ये कापड यायचं आणि खेळ चालायचा. आई आणि डॉक्टर सोडले तर माझ्या उघड्या कातडीला कुणाचा हात लागून सहा वर्षं झाली होती. हा हिशेब मी तेव्हा केलेला नव्हता. नंतर केला.

तर त्या सकाळी पहिली चढाई सरांनी मलाच दिली.

मध्यरेषा ओलांडली तेव्हा उघड्या पोटऱ्यांना गार वारा लागला आणि मला एकदम हलकं वाटलं. कबड्डी, कबड्डी म्हणत मी उजवीकडे सरकले. त्यांची कोपऱ्यातली मुलगी माझ्या घोट्याकडे झेपावली, पण तिचे हात मध्येच थबकले. मी तिच्या खांद्याला हात लावला आणि परत आले. पुढच्या खेपेला दोघींना बाद केलं. त्याच्या पुढच्या खेपेला मी निदान रेषेच्या पार आत शिरले, चौघीजणींच्या मधोमध उभी राहिले, आणि त्या चौघी पांगल्या. हात पुढं येत होते, पण उशिरा येत होते. मला वाटलं, माझाच वेग वाढलाय.

बांबूच्या कठड्यावर बसलेली शाळेची पोरं "सांगली! सांगली!" ओरडायला लागली. आम्ही तो सामना लोण चढवून जिंकलो.

"सर, मोजे नसले की पाय कसे मोकळे होतात बघा," मी धापा टाकत म्हटलं.

"हं," सर म्हणाले. "पाणी पी."

दुसराही सामना तसाच गेला. सर मला पुन्हा पुन्हा चढाईला पाठवत होते. एरवी ते एकीला इतकं पळवत नाहीत. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात तर समोरचे निम्मे खेळाडू मी एकटीनं बाहेर बसवले. मंडपात निवड समितीची माणसं बसली होती. त्यांतल्या एकानं सरांना बोलावून माझं नाव विचारलं, गाव विचारलं. सर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. ते म्हणाले, "संजीवनी, उद्या असंच खेळलीस तर महाराष्ट्राच्या संघात तू लागलीस म्हणून समज."

त्या दुपारी मी एक गोष्ट केली. अंघोळ झाल्यावर पायजमा न चढवता, तशीच आखूड चड्डीवर, शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले. लोक बघत होते. बघू देत, म्हटलं. चहा संपवून पायांवर ऊन घेत तिथल्या बाकड्यावर बसून राहिले. इतकी वर्षं लपवलेले पाय मी जगासमोर पसरून बसले होते, आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता.

परत येताना नळावर थांबले. उपांत्य सामन्यात आमच्याकडून हरलेल्या संघातली एक मुलगी तिथं कपडे पिळत होती. मी शेजारी आल्यावर तिनं आपली बादली पायानं जरा लांब सरकवली. त्याची मला सवय होती.

"छान खेळलात तुम्ही," मी म्हटलं. जिंकलेल्यानं म्हणायचं असतं तसं.

"खेळलो कुठं?" ती म्हणाली. "तुम्ही आलात की बाजूला व्हायचं, असंच ठरलं होतं आमचं."

"का?"

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि मग पिळलेल्या कपड्याकडे. "आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी तुमचा सामना बघितला ना. म्हणाल्या, त्या मुलीला कुणी धरायचं नाही. गुण गेले तर जाऊ देत. हाताला काही लागलं तर जन्माचं होऊन बसेल."

नळाचं पाणी वाहत होतं.

"राग मानू नका हं," ती म्हणाली. आवाज खरंच मऊ होता तिचा. "माझं लग्न ठरायचंय हो. ते... कोड आहे का? की ते दुसरं?"

"सोरायसिस. कुणाला लागत नाही हा."

"असं तुम्ही म्हणता," ती म्हणाली आणि बादली उचलून निघाली. दोन पावलं जाऊन थांबली. "तुम्हाला माहीतच नव्हतं का? आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दामच मोजे काढून खेळताय."

आवटी सर वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात खडूनं फरशीवर मैदान आखून जयमालाला काही समजावत होते. अंतिम सामना रत्नागिरीशी होता. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सर, मला कुणी धरत का नाही?"

खडू थांबला. जयमालानं मान खाली घातली.

"कुणी सांगितलं तुला?" सर म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या चढाईतच दिसलं." सरांनी हातावरचा खडू झटकला. "हे बघ, उंच पोरगी संघात असली तर मी तिची उंची वापरतो. जाड असली तर तिचं वजन वापरतो. समोरचा ज्याला घाबरतो ते वापरायचं, हा खेळच आहे."

"ही उंची नव्हे सर."

"नव्हे. पण आहे ना? ते काही तू मागून घेतलं नाहीस." त्यांना दोन मुली होत्या, माझ्याहून लहान. "पोरी, त्या रोगानं आजवर तुझ्याकडून नुसतं घेतलंय. एकदा काही देत असेल तर घे की. महाराष्ट्राची जर्सी अंगात आली की कोण विचारतंय कशी आली?"

मी जयमालाकडे पाहिलं. "तुला?"

"मला काल कळलं," ती म्हणाली. "तू इतकी खुशीत होतीस, संजी. मी कशी सांगू?"

सर फरशीवरच्या रेषा पुन्हा गडद करायला लागले. मी वर्गात जाऊन पायजमा चढवला.

सकाळी उठल्यावर नेहमीसारखं अंथरूण झटकलं, केर गोळा केला आणि रत्नागिरीचा संघ उतरला होता त्या वर्गाकडे गेले.

प्रमिला भुवडला मी फक्त खेळताना पाहिलं होतं. डावा कोपरा सांभाळायची. ठेंगणी, रुंद खांद्यांची, मनगटं पोरांसारखी. एकदा घोटा तिच्या हातात आला की चढाई संपलीच, असं सगळे म्हणायचे. वर्गात ती भिंतीला टेकून बसली होती आणि मनगटाला पट्टी गुंडाळत होती. बाकीच्या मुली कोपऱ्यात पोहे खात होत्या. मला बघून त्या गप्प झाल्या.

"मी सांगलीची," मी म्हटलं.

"माहीत आहे. बस."

मी बसले नाही. "तुम्हालाही सांगितलंय का, मला धरायचं नाही म्हणून?"

प्रमिलानं पट्टीचं टोक दातात धरून गाठ मारली. "सर म्हणाले, त्या पोरीच्या वाटेला जाऊ नका, बाकीच्यांना धरा आणि गुण काढा. का गो?"

"मला धर."

तिनं मान वर केली. पोहे खाणाऱ्यांपैकी एकजण हसली आणि लगेच थांबली.

"फुकटचे गुण मिळतायत तुला," प्रमिला म्हणाली. "ते सोडून धर म्हणून सांगायला आलीस?"

"मला कबड्डी येते की नाही, ते मला बघायचं आहे."

ती मग म्हणाली, "पायजमा वर कर."

मी गुडघ्यापर्यंत वर केला. ती जवळ सरकली. हात लावला नाही, पण मासळी बाजारात बायका मासा बघतात तशी नीट बघत होती, अलीकडून पलीकडून.

"दुखतं?"

"थंडीत भेगा पडतात तेव्हा दुखतं. तू धरलंस तर दुखेल."

"रक्त येईल?"

"येईल थोडं."

"मग पंच खेळ थांबवणार."

"थांबवू देत. पट्टी बांधून परत येईन."

"आणि मला काय होईल?"

"काही होणार नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय. माझी आई इतकी वर्षं रोज तेल लावतेय, तिच्या हातांवर एक डाग नाही."

"ती आई आहे तुझी," प्रमिला म्हणाली.

मी पायजमा खाली केला.

"बघू," ती म्हणाली आणि दुसऱ्या मनगटाची पट्टी उचलली.

आमच्या वर्गाच्या दारात जयमाला उभी होती. तिनं मला त्या बाजूनं येताना पाहिलं होतं.

"कुठं गेली होतीस?"

मी सांगितलं. सगळं. ऐकताना तिचा हात केसांच्या वेणीवर होता, तो तिथंच राहिला.

"आपण सातजणी आहोत, संजी," ती म्हणाली. "तू एकटी नाहीस. माझं हे शेवटचं वर्ष आहे या गटातलं. पुढच्या वर्षी वय बसत नाही माझं. तुला माहीत आहे ते."

"माहीत आहे."

"मग?"

"त्यांनी मला धरलं नाही तर आपण जिंकू, हे खरं. पण मग मी मैदानात जाते ती कशाला? माझे पाय नुसते काठीला बांधून फिरवले तरी चालतील."

ती वेणी घट्ट बांधून आत निघून गेली. सरांना मात्र तिनं सांगितलं नाही.

दुपारी मैदानाभोवती गर्दी उसळली होती. पंच बाई त्याच होत्या. या वेळी त्यांनी मोज्यांचं विचारलं नाही, मी घातलेच नव्हते. नाणेफेक रत्नागिरीनं जिंकली. त्यांची चढाई कोरी गेली आणि सरांनी अपेक्षेप्रमाणे मला खूण केली.

मी मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला आणि दम घेतला. समोर सातजणी अर्धवर्तुळात, हात धरून. मी डावीकडे गेले. त्यांची उजव्या कोपऱ्यातली मुलगी मागं सरली, नेहमीसारखी. मधल्या दोघी सरल्या. मी उजवीकडे वळले. प्रमिला हलली नाही. वाकून, दोन्ही हात मातीपासून वितीवर ठेवून ती माझ्या पायांकडे बघत होती. मी आत शिरले, पाय लांबवून तिच्या गुडघ्याला लावायला गेले, आणि घोट्याभोवती तिची बोटं मिटली.

ते वर्णन करणं अवघड आहे. दुखलं, ते तर दुखलंच. भेगेवर तिचा अंगठा आला आणि मस्तकापर्यंत कळ गेली. पण कळ जायच्या आधी क्षणभर मला फक्त ऊब जाणवली. तिचा तळवा गरम होता, घामेजलेला, खरखरीत. कापड नव्हतं मध्ये. ती सोडत नव्हती. मी ओढलं, तिनं आणखी घट्ट आवळलं. मी तोंडावर पडले आणि मग तिच्या मागची मुलगी माझ्या कमरेवर आली, तिसरी खांद्यांवर. माती तोंडात गेली, कबड्डी म्हणता म्हणता दम सुटला, आणि अंगावर तीन मुलींचं ओझं घेऊन मी हसायला लागले.

शिट्टी झाली. मी बाद होते. गर्दीतून "हे काय?" असा सूर आला. त्या तिघी उठल्या. प्रमिलाच्या हाताला माती लागली होती, माझे पापुद्रे चिकटले होते, थोडं रक्तही होतं. तिनं तळव्यांकडे पाहिलं, दोन्ही हात एकमेकांवर आपटले, चड्डीला पुसले आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा वाकून उभी राहिली. माती जशी झटकली तसंच तिनं मलाही झटकलं, वेगळं काही केलं नाही.

घोट्याला पट्टी बांधून मी बाहेर बसले. सर माझ्याकडे बघत नव्हते.

एकीनं धरलं म्हटल्यावर बाकीच्यांचीही भीड चेपली. पहिल्या डावात मी पुन्हा पुन्हा आत गेले आणि पुन्हा पुन्हा पकडली गेले. कमरेला धरलं, मांडीला धरलं, एकदा तर चौघींनी साखळी करून मला उचललंच. आदल्या दिवशी जिच्यासमोर संघ पांगत होते ती मुलगी साधीसुधी चढाईपटू निघाली, जरा घाईत आत शिरणारी, परतताना पाठ दाखवणारी. सरावात हे कधी कळलं नव्हतं, कारण सरावात मोजा हातात राहायचा आणि पाय सुटायचा. मध्यंतराला आम्ही बरेच मागं होतो. जयमाला माझ्याशेजारी बसून पाणी प्यायली आणि समोर बघतच म्हणाली, "तू धाव घेतेस तेव्हा डावा पाय मागं सोडतेस. ती त्याचीच वाट बघत बसते."

दुसऱ्या डावात जयमाला खेळली तशी ती पुन्हा कधी खेळली नसेल. तिनं एकामागून एक पकडी केल्या, आम्ही जवळ जवळ येत गेलो. शेवटाकडे सरांनी मला परत पाठवलं. मला वाटतं, दुसरं कुणी आत शिल्लक नव्हतं म्हणूनच.

मी डावीकडे गेले. पाय आखडता घेतला, हातानं हुलकावणी दिली. प्रमिलानं तरीही घोटा धरलाच, तोच, पट्टीवरून. पण या वेळी मी ओढलं नाही. तिच्याच अंगावर वळले, गुडघा टेकला, तिची पकड वरच्या बाजूनं सैल झाली तेवढ्यात स्वतःला पुढं झोकून दिलं. पट्टी तिच्या हातात राहिली. मध्यरेषेवर माझी बोटं टेकली तेव्हा दम अजून चालू होता. पंच बाईंनी हात वर केला. प्रमिला बाद, माझ्या पाठीवर हात टाकलेली तिच्या मागचीही बाद.

प्रमिला मातीत पालथी पडली होती. तिनं डोकं वर केलं. "चिवट आहेस गो," ती म्हणाली.

सामना आम्ही हरलो, थोडक्यात हरलो. संध्याकाळी मंडपात राज्याच्या संघाची नावं वाचली गेली. प्रमिला भुवडचं नाव आलं, जयमाला चौगुलेचं आलं. माझं आलं नाही. सर बसमध्ये सामान चढवत होते. मी पिशवी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "झालं समाधान?" त्यांच्या आवाजात राग होता की नाही, मला ओळखता आलं नाही.

"हो सर," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेऊन वर ठेवली.

बसमध्ये जयमाला माझ्या शेजारी येऊन बसली. बरंच अंतर गेल्यावर तिनं विचारलं, "ती शेवटची कशी सोडवलीस? मला दिसलंच नाही. दाखव." आणि माझा पाय आपल्या मांडीवर घेऊन, घोटा धरून बघायला लागली. मी तिला सांगत होते, अंगठा कुठं होता, मी कुठल्या बाजूला वळले. साताऱ्यापर्यंत आमचं तेच चाललं होतं.

महाराष्ट्राकडून मी कधीच खेळले नाही. जिल्ह्याकडून आणखी काही वर्षं खेळले, उघड्या पायांनी. काही संघ धरायचे, काही धरायचे नाहीत. धरायचे नाहीत त्यांच्याशी सामना असला की मी आधी जाऊन सांगून यायचे. सर पहिल्यांदा चिडले, मग तेच माझ्यासोबत यायला लागले. सोरायसिस अजून आहे. आता औषधं बरी आहेत, उन्हाळ्यात अंग बरंचसं निवळतं, थंडीत पुन्हा उठतं. सकाळी अंथरूण मी अजूनही झटकते.

पण जुन्नरहून आल्यावर पंधरवड्यात डाव्या घोट्यावर नवे चट्टे उठायला लागले. आधी तिथं त्या भेगेभोवतीचा छोटा चट्टा सोडला तर कातडी स्वच्छ होती. आईनं कपाळाला हात लावला आणि मला मिरजेला घेऊन गेली.

"बघा ना डॉक्टर," ती म्हणाली, "नवीनच सुरू झालं. हिला किती सांगितलं, त्या मातीत लोळू नको."

डॉक्टरांनी माझा पाय स्टुलावर घेतला. "खरचटलं होतं का इथं?"

"हो."

"या आजारात होतं असं. जिथं कातडी दुखावते तिथं नवा चट्टा उठतो. सांभाळून राहायचं." त्यांनी पाय खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि चष्मा सारखा केला. "पण हे आकार वेगळेच दिसतात. पुढच्या बाजूला चार पट्टे, मागं एक. बोटांसारखे."

"बोटंच आहेत," मी म्हटलं.

"कुणाची?"

"प्रमिला भुवडची," मी म्हटलं. "रत्नागिरी. डावा कोपरा."